नोम पेन ते दिएन बिएन फू: युद्धभूमींच्या वाटेवर बसने एकवीस दिवस

2024 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मी पाठीवर एक सॅक घेऊन कंबोडियातील नोम पेनपासून व्हिएतनामच्या वायव्य कोपऱ्यातील दिएन बिएन फूपर्यंत एकटीने बसप्रवास केला. विसाव्या शतकातील युद्धांच्या खुणा वाटेत जिथे राखून ठेवल्या आहेत तिथे थांबायचे, एवढाच बेत होता. निघण्यापूर्वी सीमा कशी ओलांडायची, रात्रीच्या बसमध्ये एकट्या बाईने झोपावे की नाही, दिवसाला किती ठिकाणे पाहून होतील, अशा बऱ्याच शंका मनात होत्या आणि त्यांची उत्तरे एका जागी कुठे सापडली नव्हती. म्हणून झाले ते झाले त्या क्रमाने, माझ्या चुकांसह, लिहून ठेवत आहे.

सुरुवात अर्थातच व्हिसाने झाली. 15 ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनाम सर्व देशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देते. एका प्रवेशासाठी 25 डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी 50 डॉलर शुल्क असते, आणि अर्ज नामंजूर झाला किंवा चुकला तरी ते परत मिळत नाही. अर्ज तेथील सरकारच्या संकेतस्थळावरच भरावा. तशीच दिसणारी दलालांची संकेतस्थळे बरीच आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. आपण कोणत्या ठाण्यातून देशात शिरणार हे अर्जातच निवडावे लागते. बसने जाणाऱ्यांनी ही नोंद विशेष काळजीने करावी, कारण यादीत विमानतळ, बंदरे आणि रस्त्यावरची ठाणी एकाखाली एक येतात. मी ‘मोक बाई’ हे कंबोडियाच्या सीमेवरचे ठाणे निवडले.

ठाण्याची नोंद बरोबर झाली, पण नावाची चुकली. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव छापलेले आहे आणि घाईत मी अर्जात फक्त स्वतःचे नाव व आडनाव भरले. 8 जानेवारीला केलेला अर्ज 12 तारखेला मंजूर होऊन आला, तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली. सीमेवर वाद घालण्याची माझी तयारी नव्हती, त्यामुळे 15 तारखेला पुन्हा 25 डॉलर भरून नवा अर्ज केला आणि 22 तारखेला तो हातात आला. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर अगदी तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसे आहे तसेच्या तसे अर्जात उतरवावे, म्हणजे हा भुर्दंड पडणार नाही. व्हिसावर जी आरंभतारीख असते, तिच्या एक दिवस आधीही प्रवेश मिळत नाही. बसने फिरताना एखादा दिवस मागेपुढे होतोच, तेव्हा ती तारीख थोडी आधीची घालावी. कंबोडियाचा व्हिसा त्या मानाने सोपा होता. तो विमानतळावर 30 डॉलरला मिळत असे. रांग टाळण्यासाठी मी 36 डॉलर देऊन आधीच ऑनलाइन काढला.

25 फेब्रुवारीला नोम पेनला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी या प्रवासातली सर्वांत मोठी चूक केली. सकाळी तुओल स्लेंग आणि दुपारी ‘चोएंग एक’ ही दोन्ही ठिकाणे मी एकाच दिवसात पाहिली. तुओल स्लेंग ही मूळची शाळा. कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने, म्हणजे एप्रिल 1975 ते जानेवारी 1979 या काळात, तिचा एस-21 नावाचा तुरुंग केला. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून केलेल्या कोठड्या तशाच आहेत, जमिनीवरच्या फरश्याही शाळेच्याच आहेत. आत आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला जात असे आणि ते फोटो आता खोलीमागून खोली भिंतींवर लावलेले आहेत. शहराबाहेर पंधरा किलोमीटरवर असलेल्या चोएंग एक येथे यांपैकी बहुतेकांना नेऊन मारले. तिथे कानाला लावायचे यंत्र मिळते. ते ऐकत लोक एकमेकांशी न बोलता पायवाटेवरून फिरत असतात. पावसाळ्यानंतर जमिनीतून अजूनही कपड्यांच्या चिंध्या आणि हाडांचे तुकडे वर येतात, असे त्यात सांगितले जाते, आणि तसे कापड मला वाटेच्या कडेला दिसलेही.

त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही आणि दुसरा पूर्ण दिवस मी खोलीत पडून काढला. उरलेल्या कार्यक्रमाचा कागद तेव्हा पुन्हा पुढ्यात घेतला. त्यात सायगावमध्ये, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, एका दिवसात तीन ठिकाणे लिहिली होती. ती खोडून मी एका दिवशी एकच जागा, आणि तिच्यानंतर मोकळी संध्याकाळ किंवा लांबचा बसप्रवास, असे नव्याने मांडले. त्यासाठी हनोईतले सगळे वगळावे लागले, पण त्याची खंत वाटली नाही.

28 तारखेला सकाळी साडेसातची हो ची मिन्ह सिटीची बस पकडली. तिकीट 17 डॉलर. दोनेक तासांनी बस नेआक लोएंग येथे मेकाँग नदीवरच्या पुलावरून जाते. हा पूल 2015 साली सुरू झाला. त्यापूर्वी बसगाड्या तराफ्यावरून पलीकडे जात. याच गावावर ऑगस्ट 1973 मध्ये एका अमेरिकी बी-52 विमानाने चुकून बॉम्ब टाकले आणि 137 माणसे मेली. मी हे आधी वाचलेले होते म्हणून काचेला नाक लावून बसले होते, पण पूल तीन-चार मिनिटांत संपला आणि बस पुढे गेली. या प्रवासात असे पुष्कळदा झाले. ज्या जागेला तिकीट आणि पाटी नसते ती जागा बसमधून एवढीच दिसते, आणि तीही आधी माहीत असेल तरच.

सीमेची मला वाटत होती तेवढी भीती बाळगण्याचे कारण नव्हते. बावेत हे कंबोडियाचे ठाणे येण्यापूर्वीच कंडक्टर सर्वांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या छापील प्रती गोळा करतो. पासपोर्ट हातातून जाताना पोटात गोळा येतो, पण या मार्गावर तीच पद्धत आहे. कंबोडियाच्या बाजूला शिक्का होतो, मग मोक बाईच्या इमारतीत सगळे सामान घेऊन उतरावे लागते. तिथे एकेकाचे नाव पुकारले जाते. उच्चार ओळखू येईलच असे नाही, म्हणून काउंटरजवळ उभे राहावे. सॅक यंत्रातून जाते आणि पलीकडे तीच बस उभी असते. हे सारे सव्वा तासात आटोपले. व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, फोनमधल्या प्रतीवर विसंबू नये. दुपारी अडीचला मी सायगावात होते. अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी असले तरी तिथले लोक बोलताना सायगावच म्हणतात.

पैशांचा हिशेब पहिले दोन दिवस डोक्यात बसत नाही. त्या वेळी एका डॉलरला सुमारे साडेचोवीस हजार डोंग मिळत होते. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही नोटा निळसर असतात, त्यामुळे अंधारात रिक्षावाल्याला किंवा मोटरसायकलवाल्याला पैसे देताना नोट उलगडून पाहावी. सिम कार्ड पासपोर्ट दाखवून घेतले. ते आवश्यकच आहे, कारण बसवाले सुटण्याच्या तासभर आधी फोन करतात आणि फक्त व्हिएतनामी बोलतात. असा फोन आला की सरळ गेस्टहाऊसच्या काउंटरवरील माणसाच्या हाती द्यायचा, हा उपाय मला सायगावातल्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी शिकवला आणि शेवटपर्यंत उपयोगी पडला. शाकाहारी मंडळींनी ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. ‘चाय’ लिहिलेली छोटी खाणावळ बहुतेक गावांत सापडते आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तर हमखास.

29 फेब्रुवारीला युद्धावशेष संग्रहालय पाहिले. तिकीट 40,000 डोंग. सप्टेंबर 1975 मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याच्या नावातच अमेरिका आणि तिच्या ‘बाहुल्यांच्या’ गुन्ह्यांचा उल्लेख होता. संबंध सुधारत गेले तसे नाव दोनदा सौम्य करण्यात आले आणि 1995 पासून ते सध्याचे आहे. नाव बदलले तरी आतली मांडणी विजेत्याची आहे, हे लक्षात ठेवून फिरावे. एजंट ऑरेंज या फवारलेल्या विषारी द्रव्याच्या परिणामांचे दालन बघवत नाही, आणि तिथे शाळेच्या सहलीतली मुले रांगेने जात असतात. मी सर्वाधिक वेळ थांबले ते युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांच्या दालनात. दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांची कामे तिथे शेजारी-शेजारी आहेत, आणि काही चित्रे तर ज्या फिल्मवर निघाली ती त्यांची शेवटची फिल्म होती.

1 मार्चला स्वातंत्र्य राजवाडा पाहिला. 30 एप्रिल 1975 रोजी ज्याच्या फाटकातून उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत शिरले आणि युद्ध संपले, तो हाच. आवारात 843 आणि 390 हे क्रमांक घातलेले दोन रणगाडे उभे आहेत, पण ते त्या जातीचे दुसरे आहेत. खरे दोन्ही हनोईतल्या संग्रहालयांत आहेत. तळघरातील नकाशांच्या आणि टेलिफोनच्या खोल्या पाहाव्यात, वरच्या मजल्यांवरच्या खुर्च्या आणि झुंबरे भराभर पाहिली तरी चालतात.

अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या गनिमांच्या कू ची भुयारांना सहलीच्या बसने न जाता मी शहर बसने गेले. आधी 13 क्रमांकाची बस कू ची गावापर्यंत, तिथून 79 क्रमांकाची बेन दुओकपर्यंत. एका बाजूला अडीच तास लागतात, भाडे मात्र नगण्य आहे आणि बेन दुओकला भुयारांच्या बेन दिन्ह या दुसऱ्या भागापेक्षा गर्दी कमी असते. एके काळी दोनशे किलोमीटरहून लांब पसरलेल्या या जाळ्यापैकी पर्यटकांसाठी थोडा भाग रुंद करून ठेवला आहे, तरीही मी वीस मीटर रांगत गेले आणि पहिल्याच फाट्याने बाहेर आले. भुयारांची कल्पकता थक्क करणारी आहे. पण आवारातच गोळीबाराचे मैदान आहे, पैसे मोजून गोळ्या घ्यायच्या आणि खऱ्या बंदुकीतून झाडायच्या. त्या आवाजाच्या पार्श्वभूमीवर मार्गदर्शक मेलेल्यांविषयी सांगत असतो. मला ते पटले नाही. आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्मृतिमंदिरात चाळीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. तिथे माझ्याखेरीज एक झाडूवाली बाई होती.

3 मार्चच्या संध्याकाळी पहिली स्लीपर बस घेतली, सायगाव ते क्वांग न्गाई, आठशे किलोमीटरहून जास्त, 4,20,000 डोंग. नवीन पूर्व बसस्थानक शहराच्या मध्यापासून बरेच दूर, थू डुक भागात आहे, तेव्हा दीड तास हाताशी ठेवून निघावे. दारातच कंडक्टर प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. तीत पादत्राणे घालून अनवाणी आत जायचे. आत तीन ओळी, दोन मजले. पाठ किंचित उचललेली राहते आणि पाय पुढच्या माणसाच्या पाठीखालच्या खोक्यात जातात. साडेपाच फुटांपर्यंतच्या माणसाला ते ठीक आहे. तिकीट काढताना खालच्या मजल्यावरची खिडकीची जागा मागावी, मधली ओळ टाळावी. बहुतेक गाड्यांत स्वच्छतागृह नसते. चार-साडेचार तासांनी ढाब्यावर गाडी थांबते, तिथे दारापाशी सर्वांसाठी रबरी चपलांची टोपली ठेवतात आणि मिळेल ती जोडी घालून खाली उतरायचे. एकटी असूनही मला असुरक्षित वाटले नाही. मात्र पासपोर्ट आणि पैसे अंगावरच ठेवले होते आणि हॉर्नचा आवाज इतका होता की कापसाचे बोळे असते तर बरे झाले असते. सकाळी आठला कंडक्टरने मला हलवून उठवले आणि महामार्गाच्या एका तिठ्यावर उतरवले. गावात न शिरता हमरस्त्यावरच उतरवण्याची पद्धत या बसगाड्यांत सर्रास आहे, म्हणून फोनवरचा नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा.

5 मार्चला सकाळी मोटरसायकल टॅक्सीने सोन मीला गेले. गावापासून बारा-तेरा किलोमीटर, जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून 2,00,000 डोंग. जग या जागेला माय लाई म्हणते. व्हिएतनामी लोक सोन मी म्हणतात, कारण 16 मार्च 1968 च्या सकाळी जे घडले ते एका वस्तीपुरते नव्हते. अमेरिकी सैन्याच्या एका तुकडीने चार तासांत इथे निःशस्त्र माणसे मारली. स्मारकाच्या भिंतीवर 504 नावे आहेत. अमेरिकी सैन्याच्या चौकशीने 347 हा आकडा धरला होता. काळ्या दगडावर नावापुढे वय आहे. मी वरून वाचायला सुरुवात केली आणि वयाचे रकाने एकआकडी होऊ लागले तेव्हा थांबले.

बाहेर जळालेल्या घरांची जोती जपून ठेवली आहेत आणि प्रत्येकापाशी त्या कुटुंबाच्या नावाची पाटी आहे. घरांमधल्या वाटा सिमेंटच्या आहेत, पण त्या मातीच्या असल्यासारख्या बनवल्या आहेत: त्यांवर अनवाणी पावले उमटवलेली आहेत, मोठी आणि लहान, मध्येच सायकलच्या चाकांच्या रेषा, आणि त्यांच्यावरून गेलेले लष्करी बुटांचे ठसे. एवढ्या साध्या युक्तीने माझ्यावर जो परिणाम केला तो छायाचित्रांनीही केला नाही. आपण चालतो ते त्या पावलांवरूनच, बाजूने जायला जागा नाही. जिथे सुमारे 170 जणांना उभे करून गोळ्या घातल्या तो चर तसाच आहे, त्याच्या कडेला नारळ आहेत आणि पलीकडे चालू शेती.

संग्रहालयात ह्यू थॉम्पसन या हेलिकॉप्टर वैमानिकाचीही गोष्ट सांगितली आहे. त्याने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्यामध्ये उतरवले आणि काही माणसांना वाचवले. त्याच्या देशाने त्याचा सन्मान केला तो तीस वर्षांनी, 1998 मध्ये. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅलीला, 22 खुनांसाठी जन्मठेप, आणि प्रत्यक्षात साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतांश घरातच. मी तिथून परतल्यावर दोन महिन्यांच्या आतच, एप्रिलच्या अखेरीस, तो वारला. बातमी बाहेर आली जुलैमध्ये.

आवारात दोन बाया पाने झाडत होत्या. मोटरसायकलवाल्याने मला काही विचारले नाही, येताना उसाच्या रसाच्या गाडीपाशी आपणहून थांबला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

6 मार्चला पाच-सहा तासांच्या बसने (2,00,000 डोंग) ह्वेला गेले आणि तिथे दोन रात्री राहिले, खरे तर कपडे धुण्यासाठी आणि झोपण्यासाठी. जुन्या राजधानीच्या तटबंदीत 1968 च्या तेत हल्ल्याच्या, म्हणजे ‘तेत’ या चांद्र नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी केलेल्या हल्ल्याच्या, वेळी 31 जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत घरोघरी लढाई झाली. अनेक वास्तूंच्या जागी आता नुसती जोती आणि गवत आहे. पण शहर कम्युनिस्टांच्या ताब्यात असताना मारल्या गेलेल्या नागरिकांची जी सामूहिक थडगी पुढे सापडली, त्यांविषयी एकाही पाटीवर मला शब्द दिसला नाही. सोन मीमध्ये मुलांची वयेसुद्धा कोरून ठेवणाऱ्या देशाने इथे मौन पाळले आहे. ह्वेत जाणाऱ्याने हा भाग वाचूनच जावा, तिथे तो कोणी सांगणार नाही.

8 मार्चला 80,000 डोंगांच्या छोट्या बसने ‘दोंग हा’ हे गाव गाठले. आतापर्यंतचे ऊन संपून इथे धुक्यासारखा बारीक पाऊस लागला होता आणि तो तीन दिवस थांबला नाही. मार्चमध्ये या पट्ट्यात येताना पातळ रेनकोट हवाच. ह्वेहून एका दिवसाच्या सहली निघतात, त्या सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी संपतात आणि बहुतेक वेळ बसमध्येच जातो. माझा सल्ला दोंग हामध्येच मुक्काम करण्याचा आहे. गावात भूसुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बविषयी माहिती देणारे एक केंद्र आहे, ते आधी पाहावे. क्वांग त्री हा या अवशेषांनी सर्वाधिक ग्रासलेला प्रांत आहे, आणि वाट सोडून शेतात किंवा झुडपांत पाऊल टाकू नये ही सूचना तिथे औपचारिक नाही.

स्वतः मोटरसायकल भाड्याने घेण्याचा विचार मी सोडून दिला होता. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968 चा करार मानते, त्यामुळे अपघात झाल्यास विमा हात वर करू शकतो. त्याऐवजी 9 तारखेला दिवसभरासाठी 4,00,000 डोंगांत एक चालक ठरवले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते. गेस्टहाऊसमधल्या मुलीने त्यांना ‘चू’ म्हणजे काका म्हणायला सांगितले, तेव्हा मीही तसेच म्हणू लागले. आमचा संवाद फोनमधल्या भाषांतरावर चालला होता.

हिएन लुओंगचा पूल बेन हाई नदीवर आहे. 1954 च्या जिनिव्हा कराराने 17 व्या अक्षांशालगत देश तात्पुरता विभागला, नदीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा आखला, आणि 1956 मध्ये निवडणूक होऊन तो पुन्हा एक होईल असे ठरले. निवडणूक झालीच नाही. नदी पाहिल्यावर मी चकित झाले. एवढा देश जिच्यावर एकवीस वर्षे विभागला गेला ती जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटर रुंद आहे. पूल पुन्हा बांधलेला असून अर्धा निळा, अर्धा पिवळा रंगवला आहे. त्या काळी दोन्ही काठांवर एकमेकांपेक्षा उंच ध्वजस्तंभ उभारण्याची चढाओढ लागली होती आणि पलीकडच्यांना ऐकू जाईल एवढे मोठे कर्णे लावले होते. त्यांतले काही आता काठावर मांडून ठेवले आहेत. दक्षिण काठावर उत्तरेकडे पाहणाऱ्या आई आणि मुलाचा पुतळा आहे. पुलावरून चालत जायला मला तीन मिनिटे लागली. मी परत आले, पुन्हा गेले. पावसात तिथे दुसरे कोणी नव्हते.

दुपारी विन्ह मोकला गेलो. माझा एका दिवशी एका जागेचा नेम इथे मोडला, पण ही जागा वेगळी आहे. कू चीची भुयारे लढणाऱ्यांची, ही राहणाऱ्यांची. बॉम्बवर्षावातून वाचण्यासाठी किनाऱ्यालगतच्या या गावाने लाल मातीत तीन पातळ्यांची भुयारे खणली, सर्वांत खालची सुमारे 23 मीटर खोल, आणि कुटुंबेच्या कुटुंबे 1972 पर्यंत त्यांत राहिली. भिंतीत कोनाड्याएवढी खोली म्हणजे एका कुटुंबाचे घर. आत विहीर आहे, सभागृह आहे, प्रसूतीची खोली आहे, आणि सतरा मुले इथे जन्मली. भुयारे मुळात होती त्याच मापाची ठेवली आहेत, तरी वाकून का होईना चालता येते. भिंतींना ओल असते आणि पायऱ्या निसरड्या, तेव्हा रबरी तळाचे बूट घालावेत. शेवटच्या वळणावरून एकदम समुद्र दिसतो.

परतताना काका न सांगता एका रस्त्याकडेच्या दफनभूमीपाशी थांबले. बऱ्याच दगडांवर एकच ओळ होती. मी फोन धरला तेव्हा भाषांतर आले, ‘हुतात्मा, नाव अज्ञात’. काकांनी मान हलवली, फोन घेतला आणि त्यातला ‘चुआ’ हा शब्द पुन्हा एकटाच टंकून दाखवला. ‘अजून नाही.’ म्हणजे ओळ अशी होती: नाव अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मार्ग 9 वरून लहान बसने खे सान्हला गेले. 1968 च्या जानेवारीत सुरू झालेल्या 77 दिवसांच्या वेढ्यासाठी जगभर गाजलेल्या या अमेरिकी तळावर आता छोटे संग्रहालय, काही हेलिकॉप्टर, पुन्हा रचलेल्या वाळूच्या पोत्यांच्या चौक्या आणि भोवती कॉफीचे मळे आहेत. धुक्यात डोंगर दिसले नाहीत. खोटी लष्करी पदके विकणारे मागे लागतात, शांतपणे नको म्हणावे. 11 तारखेला सकाळी क्वांग त्रीचा किल्ला पाहिला, 1972 च्या उन्हाळ्यात 81 दिवस ज्याच्यासाठी लढाई झाली. आत आता हिरवळ आहे आणि लोक आवाज न करता चालतात, कारण पायाखाली कोण आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्याच रात्री 3,80,000 डोंगांची बस घेऊन 12 तारखेला पहाटे हनोई गाठले. तिथे दीड दिवस केवळ विश्रांती घेतली आणि 13 मार्चच्या संध्याकाळी मी दिन्ह बसस्थानकावरून दिएन बिएन फूची बस धरली, 4,00,000 डोंग, अकरा तास, बहुतेक सगळा घाटरस्ता. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यावी. मी उशिरा घेतली.

बस सुटली त्याच तारखेला बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, 13 मार्च 1954 रोजी, फ्रेंचांविरुद्धची दिएन बिएन फूची लढाई सुरू झाली होती. हे मी मुद्दाम जुळवले नव्हते, आणि त्याचा फटकाच बसला. सत्तराव्या वर्षानिमित्त त्या प्रांतात राष्ट्रीय पर्यटन वर्ष होते आणि त्याचे उद्घाटन 16 मार्चला ठरलेले होते. पहाटे सॅक घेऊन मी पाच गेस्टहाऊसची दारे वाजवली, सगळी भरलेली. सहाव्या ठिकाणी नेहमीपेक्षा दुप्पट, म्हणजे 6,00,000 डोंगांत, दोन रात्रींसाठी गच्चीवरची खोली मिळाली. जायच्या तारखांना स्थानिक काही आहे का हे पाहून खोली आधी ठरवावी, एवढे साधे काम मी केले नव्हते. डोंगरउतारांवर कांचन पांढराशुभ्र फुलला होता. त्या फुलांचाच तिथे उत्सव असतो.

दरीत उभे राहिले की फ्रेंचांची चूक नकाशाशिवाय कळते. ते तळाशी, आणि व्हिएतमिन्ह, म्हणजे त्यांच्याविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढणारे व्हिएतनामी, भोवतालच्या डोंगरांवर. एवढ्या उंचीवर तोफा येणार नाहीत असा फ्रेंचांचा हिशेब होता, आणि व्हिएतमिन्हचे सेनापती जनरल वो न्गुएन झाप यांच्या माणसांनी त्या हातांनी ओढून चढवल्या. रसद हजारो सायकलींवरून आली, एकेका सायकलीवर दोनशे किलोहून अधिक लादून. संग्रहालयात तशी सायकल आहे, हँडलला बांबू बांधलेली, कारण ती चालवायची नसून ढकलायची असे. 132 मीटर लांबीचे वर्तुळाकार भित्तिचित्रही तिथे आहे. फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या ए-1 टेकडीवर व्हिएतमिन्हने 960 किलो स्फोटकांनी पाडलेला खड्डा आहे. 6 मे 1954 च्या रात्री तो स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी 56 दिवसांची लढाई संपली.

टेकडीसमोरच दफनभूमी आहे. तिथे मी 15 तारखेला शेवटी गेले. 644 थडगी आहेत आणि नावे फक्त चार दगडांवर. बाकीच्या प्रत्येक दगडासमोर उदबत्तीसाठी भांडे आहे आणि सणासाठी आलेली माणसे रांगेने एकेका भांड्यात एकेक उदबत्ती खोचत जात होती, एकही वगळला जाऊ नये म्हणून दोघी बहिणी मोठ्याने मोजत होत्या. मरण पावलेल्यांची नावे प्रवेशाजवळच्या भिंतीवर प्रांतवार कोरलेली आहेत. तिथे एक म्हातारे गृहस्थ एका नावाखाली बोट ठेवून उभे होते आणि त्यांचा नातू फोनवर फोटो काढत होता. ते नाव त्या आवारातल्या कोणत्या दगडाचे, हे सांगणारे कोणी नाही. बहिणींपैकी एकीने माझ्याही हातात उदबत्त्यांचा जुडगा दिला आणि दुसऱ्या टोकाकडची रांग दाखवली. ती संपवायला मला पाऊण तास लागला.

परतीचे हनोईचे तिकीट मी पोहोचल्या दिवशीच काढून ठेवले होते, नाहीतर सणाच्या गर्दीत ते मिळाले नसते. तेही 4,00,000 डोंग. नोम पेनपासून सुरू झालेल्या लांबच्या सगळ्या बसप्रवासांना मिळून 17 डॉलर आणि 18,80,000 डोंग लागले. 16 तारखेच्या संध्याकाळी मैदानावर उद्घाटनाचे दिवे लागत असताना आमची बस स्थानकातून निघाली. गोळी या वेळी वेळेवर घेतली होती.